श्वास घेणारं पिंप

"तराफा बुडाला तर आधी कोणी उडी मारायची ते आत्ताच ठरवा," शेपूट म्हणाली. "पाण्यात गेल्यावर भांडण नको."

"बुडणार नाही," भिंगरीने पाचवा रिकामा डबा फळीखाली बांधत सांगितलं. "आणि बुडलाच तर आधी तुला ढकलू. तू हलकी आहेस."

शाळेच्या हजेरीपटावर या मंडळींची दुसरी, शहाणी नावं होती. पण सुट्टीत ती कोण वापरतंय? तेरा वर्षांची भिंगरी एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ. तिच्या मामाचा मुलगा भुंगा बारा वर्षांचा. तो दिवसभर गुणगुणायचा, आणि त्याचा कान असा तिखट की शेजारच्या खोलीत कोणत्या डब्याचं झाकण उघडलं ते बसल्या जागी सांगायचा. त्याची दहा वर्षांची बहीण म्हणजे शेपूट. हे दोघं जातील तिथे मागोमाग ही असायचीच, मग दुसरं काय नाव पडणार! भावंडं सुट्टीसाठी आत्याकडे, म्हणजे भिंगरीच्या घरी आली होती, आणि डोंगराखालच्या तळ्यात तराफा सोडायचा बेत पहिल्याच दिवशी पक्का झाला होता.

तर घराशेजारी रस्ते खात्याचं वर्कशॉप होतं, त्याच्या मागच्या अंगणात डबे बांधता बांधता भुंग्याचं गुणगुणणं एकदम बंद पडलं. ते बंद पडलं की दोघी मुली गप्प व्हायच्या, अशी आता सवयच झाली होती.

"आत्याची गाडी येतेय," तो म्हणाला. "पण ती कण्हतेय."

भिंगरीला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग वळणावरून इंजिनाचा आवाज आला, आणि त्याच्या खाली आणखी एक बारीक, लांबलेला सूर. दात दुखणारा माणूस उशीत तोंड खुपसून कण्हतो तसा. तिच्या अंगावर काटा आला. तो सूर तिने तीन आठवड्यांपूर्वी एकदा ऐकला होता, वायरलेसचा टॉवर सांभाळणाऱ्या वायरमनच्या गाडीतून. त्याच्या दुसऱ्या दिवशी वायरमन डोंगराच्या उतारावर असताना त्याच्या गाडीची मागची चाकं एकाएकी जाम झाली. गाडी उलटली आणि मांडीचं हाड मोडून तो शहरातल्या इस्पितळात जाऊन पडला.

भिंगरीची आई डोंगरपायथ्याच्या दवाखान्यात नर्स होती. खिंडीपलीकडच्या वस्तीवर मोटार जाईल असा रस्ता नव्हता, म्हणून तिला याच वर्कशॉपमधून एक एटीव्ही दिलेली होती. एटीव्ही म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल आणि चार जाडजूड टायर असलेली गाडी. दगड, चिखल, ओढा, कशालाही न जुमानणारी. निदान आजवर तरी तसं होतं.

मुलं धावत पुढच्या अंगणात पोचली तेव्हा आई गाडीवरून उतरत होती आणि वर्कशॉपचे मिस्त्री गिअरबॉक्सचं टोपण फिरवत होते. टोपणाला तेल मोजायची पट्टी असते. त्यांनी ती बाहेर काढली आणि आईसमोर धरली.

तेल असतं मधाच्या रंगाचं. या पट्टीवरून जे ओघळत होतं ते दूध घातलेल्या चहासारखं होतं.

"सिस्टर, पुन्हा पाणी," मिस्त्री म्हणाले. "मागच्या आठवड्यातच तेल बदलून दिलं होतं ना मी?"

"मी ओढ्यात सावकाश घातली होती हो. पाणी पाय ठेवायच्या पत्र्यापर्यंतसुद्धा आलं नाही."

"मग गिअरबॉक्समध्ये काय आभाळातून पडलं?" मिस्त्रींनी पट्टी फडक्याला पुसली. आजूबाजूला चार माणसं काम थांबवून बघत होती, आणि वर्कशॉपचे साहेबही ऑफिसच्या दारात आले होते. "वायरमनही हेच सांगत होता. पाणी खोल नव्हतं, पाणी खोल नव्हतं. पाणी घुसलं की आतल्या बेअरिंगला गंज धरतो, आणि एक दिवस ते जागच्या जागी अडकतं. मग चाकं फिरत नाहीत. उतारावर असाल तर पुढचं सांगायला नको."

"पण पाणी आत शिरतं कुठून?" शेपूट मध्येच म्हणाली. तिला मोठ्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबायची सवय नव्हती.

मिस्त्री रागीट होते, पण कामाबद्दल विचारलं की त्यांचा राग निम्मा उतरायचा. त्यांनी गिअरबॉक्समधून निघून हँडलखाली गेलेली एक बारीक रबरी नळी दाखवली. "ही त्याची श्वासनळी. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, इथून बाहेर जाते. गार झाला की बाहेरची हवा आत ओढतो. आता गाडी खोल पाण्यात नेली आणि हे टोक बुडालं, तर तो हवेच्या जागी काय ओढेल?"

"पाणी," शेपूट म्हणाली.

"बघा सिस्टर, हिला कळलं."

 आईचा चेहरा उतरला, आणि ते बघून भिंगरीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आपल्या आईला कोणी चार लोकांत असं बोलावं, आणि आईने मान खाली घालून ऐकून घ्यावं! मिस्त्रींनी जुनं तेल काढलं, गिअरबॉक्स धुतला, मागच्या अंगणातल्या पिंपातून नवं तेल आणून भरलं आणि टोपण घट्ट लावलं. काम त्यांचं नेहमीच चोख असायचं. ते कोणी नाकारलं नसतं.

"परवा खिंडीपलीकडे जायचंय," आई निघताना म्हणाली. "तिथल्या एका बाईचे दिवस भरलेत."

"मग ओढा सांभाळून पार करा," मिस्त्री म्हणाले.

तराफा त्या दिवशी तिथेच राहिला. खिंडीपलीकडचा उतार भिंगरीने पाहिला होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मध्ये एक गाडी जेमतेम मावेल एवढी वाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं ओढ्यावर गेली. गाड्या ओढा ओलांडतात त्या जागी आईच्या टायरांच्या खुणा ओल्या मातीत स्पष्ट उमटल्या होत्या. भिंगरी त्या खुणांवरूनच पाण्यात शिरली आणि पलीकडे जाऊन परत आली. सगळ्यात खोल जागी पाणी तिच्या अर्ध्या पोटरीपर्यंत आलं. भुंग्याने काठीवर तिथे खाच पाडली. मग वर्कशॉपमध्ये येऊन त्यांनी ती काठी आईच्या गाडीला लावून पाहिली. श्वासनळीचं टोक खाचेच्या वीतभर नव्हे, चांगलं हातभर वर होतं.

"म्हणजे आत्या खरं बोलत होती," भुंगा म्हणाला.

"आई नेहमीच खरं बोलते," भिंगरी फणकारली. "प्रश्न तो नाही. पाणी ओढ्यातून आलं नाही, तर आलं कुठून?"

तेवढ्यात अंगणातून कचऱ्याची ट्रॉली ओढत एक जुनी एटीव्ही गेली. ती गाडी वर्कशॉपच्या फाटकाबाहेर कधी पडत नसे. ओढ्याचं तिने तोंडही पाहिलं नव्हतं. भुंगा जागच्या जागी थिजला.

"हीसुद्धा कण्हतेय," तो हळूच म्हणाला.

ट्रॉलीवाला चहा प्यायला गेला तशी भिंगरीने टोपण फिरवून पट्टी बाहेर काढली. दुधाळ तेल! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अंगणात लख्ख उजेड होता, लोक हातोडे ठोकत होते, कुणीतरी शीळ घालत होतं, आणि तरी भिंगरीला वाटलं की या जागेत आपल्याला न दिसणारं काहीतरी हिंडतंय आणि एकेका गाडीच्या पोटात शिरतंय.

"कोणी मुद्दाम करत असेल?" शेपटीने आवाज खाली आणून विचारलं.

"सगळ्या गाड्या बघू," भिंगरी म्हणाली.

फाटकापाशी वनरक्षकाची नवी कोरी एटीव्ही उभी होती. ही रोज दोनदा ओढ्यातून जायची. टायरांवर ओला चिखल तसाच होता. खरं तर हिच्यात पाणी सगळ्यात जास्त असायला हवं होतं. वनरक्षक हसत म्हणाला, "बघा की, त्यात विचारायचं काय." त्याची पट्टी निघाली ती मधासारखी सोनेरी, स्वच्छ.

"तुमचं तेल कधी बदललं?" भिंगरीने विचारलं.

"अजून नाही. कारखान्यातून आलं तेच आहे. पहिली सर्व्हिसिंग पुढच्या आठवड्यात."

वनरक्षक निघून गेला तरी भिंगरी तिथेच उभी. दोन मिनिटांहून जास्त वेळ उभी! शेपूट काळजीने तिच्याकडे बघू लागली.

"ओढ्यात रोज जाते तिचं तेल चांगलं," भिंगरी बोटांवर मोजत म्हणाली. "ओढ्यात कधीच न जाणारीचं तेल खराब. म्हणजे ओढ्याचा काही संबंधच नाही. आई, ट्रॉली, वायरमन, या तिघांना इथलं तेल मिळालं. या नव्या गाडीला मिळालं नाही."

"म्हणजे तेलातच…" भुंगा म्हणाला आणि त्याने वाक्य अर्धंच सोडलं.

कारण मग काल मिस्त्रींनी आईच्या गाडीत काय भरलं होतं, ते सांगायची गरजच नव्हती.

पिंप मागच्या अंगणात होतं. खरं तर त्याची जागा गोदामात, पण दोन महिन्यांपूर्वी गोदामाला रंग द्यायचा म्हणून साहेबांनी ते "दोन दिवसांसाठी" बाहेर काढायला लावलं होतं. रंग वाळला, रंगारी गेले, पिंप मात्र तिथेच उभं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे आत गेले तशी तिघं रिकाम्या डब्यांच्या आडोशाने तिथवर पोचली. ऊन रणरणत होतं. पिंपाचा पत्रा हात लावू देत नव्हता.

पिंपाच्या झाकणाला कडेने उंच काठ असतो. त्या काठाच्या आत, सकाळच्या सरीचं पाणी थाळीत साचावं तसं साचलं होतं, आणि पिंपाचं बूच आणि त्यातून वर आलेला हातपंप, दोन्ही त्या पाण्यात उभे होते.

"ऐका," भुंगा म्हणाला.

बुडुक.

बुचाच्या कडेने एक बुडबुडा वर आला आणि फुटला. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा. कोणी हात लावलेला नव्हता, वारासुद्धा नव्हता. शेपटीने भिंगरीचा हात घट्ट धरला.

"आत कोणीतरी आहे," ती कुजबुजली. "श्वास सोडतंय."

एरवी भिंगरी हसली असती. आज तिला हसू आलं नाही. ती त्या बुडबुड्यांकडे बघत राहिली. पाच मिनिटं झाली असतील, तोच डोंगरावरून काळा ढग सरकत आला, ऊन गेलं, आणि गार, टपोरी सर सुरू झाली. तापलेल्या पत्र्यावरून वाफा निघाल्या. तिघं भिजत तशीच बसून राहिली.

बुडबुडे बंद झाले.

सर पाच-दहा मिनिटांतच ओसरली. झाकणावर तरंगणारं एक वाळकं पान आता हलू लागलं. ते सावकाश बुचाकडे सरकलं, बुचापाशी येऊन चिकटलं, आणि भुंग्याने मान खाली घालून पत्र्याला कान लावला.

"पितंय," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "बारीक आवाज येतोय. पाणी आत जातंय."

भिंगरीला काल मिस्त्रींनी सांगितलेला शब्द न् शब्द आठवला. तापलं की हवा बाहेर, गार झालं की आत. गिअरबॉक्स असंच करतो. मग उन्हात ठेवलेलं पिंप का नाही करणार? आणि ज्याच्या नाकावरच पाणी साचलंय ते हवेच्या जागी काय ओढणार? दोन महिने, रोज दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, हे पिंप घोट घोट पाणी पीत होतं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणजे ते तळाशी जाणार. पंपाची नळी पोचते तीही तळाशीच.

त्यांनी पंपाचा दांडा मारून दोन काचेच्या बरण्या भरल्या. गढूळ, फिकट तेल आलं. दुसऱ्या बरणीचं झाकण लावेपर्यंत मागून आवाज आला.

"माझ्या पिंपाला हात कोणी लावला?"

मिस्त्री! शेपटीने झटक्यात एक बरणी तराफ्याच्या डब्यात सोडली. दुसरी भिंगरीच्या हातात होती ती मिस्त्रींनी काढून घेतली. भिंगरीने सगळं सांगायचा प्रयत्न केला. ओढा, काठी, ट्रॉली, बुडबुडे. पण एक तर तिला धाप लागली होती, आणि दुसरं म्हणजे मिस्त्री ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

"या पिंपाचं सील मी स्वतः तोडलंय, या हातांनी," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं हे काम करतोय. आईची चूक झाकायला माझ्या तेलाला नावं ठेवू नका." आणि त्यांनी बरणी तिथेच मातीत रिकामी केली.

संध्याकाळी आई दवाखान्यातून आली ती दमून खुर्चीतच बसली. भिंगरीने तिला सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं, मधूनमधून डोळे चोळले.

"मिस्त्रींना यातलं जास्त कळतं गं," ती शेवटी म्हणाली. "खरं सांगू? मलाच वाटायला लागलंय की माझंच कुठेतरी चुकतंय. ओढ्यात घाई होत असेल." मग भिंगरीचा चेहरा बघून म्हणाली, "बरं, उद्या दहाला निघायचंय. त्याआधी आपण दोघी जाऊन त्यांना शांतपणे विचारू. झालं समाधान?"

भिंगरीने तराफ्याच्या डब्यातून आणलेली बरणी खिडकीत ठेवली आणि ती झोपायला गेली.

सकाळी उठून पाहते तर बरणीत दोन थर झाले होते. वर फिकट तेल आणि खाली बोटभर पाणी, अगदी ओढ्याच्या पाण्यासारखं. ती ओरडतच आईच्या खोलीत धावली. खोली रिकामी. स्वयंपाकघरात ओट्यावर चिठ्ठी होती. "पहाटे निरोप आला, त्या बाईला कळा सुरू झाल्यात. थांबता येत नाही. दवाखान्यातून सामान घेऊन तशीच खिंडीकडे जाते. दूध तापवून घ्या."

भिंगरीने भुंग्याला आणि शेपटीला हलवून उठवलं आणि बरणी उचलली.

मिस्त्री वर्कशॉपचं दार उघडतच होते. तिघं अंगणात शिरली ती अनवाणी, विस्कटलेल्या केसांनी. भिंगरीने बरणी पुढे धरली.

"यात पाणी तुम्ही घातलं नसेल कशावरून?" मिस्त्री म्हणाले, पण कालच्याइतक्या जोरात नाही.

"मग तुम्ही स्वतः काढा," भिंगरी म्हणाली. ती मागे हटली नाही. "तुमच्या हाताने पिंपातून चमचाभर तेल काढा आणि चहाच्या शेगडीवर धरा. चांगलं असेल तर नुसता धूर येईल. पाणी असेल तर तडतडेल. नाही तडतडलं तर मी तुमचे पाय धरून माफी मागेन, तडतडलं तर तुम्ही माझं ऐका. पण लवकर करा."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. मग ते मागे गेले, चमचा भरून आणला आणि शेगडीवर धरला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग चमच्यातलं तेल तडतडलं, उडालं, मिस्त्रींच्या मनगटावर शिंतोडा पडला. त्यांनी चमचा खाली ठेवला नाही. पंचवीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला त्या आवाजाचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती.

"सिस्टर किती वाजता निघाल्या?" त्यांनी विचारलं.

"उजाडताना. पण आधी दवाखान्यातून सामान घेणार होती, आत्ता कुठे खिंडीच्या रस्त्याला लागली असेल."

तेवढ्यात आलेल्या साहेबांनी वायरलेसचा फोन उचलला, पण त्यात नुसती खरखर होती. टॉवर दुरुस्त करणारा वायरमन इस्पितळात होता. वनरक्षक त्याच्या गाडीवरून केव्हाच जंगलात गेला होता. अंगणात उरलेल्या प्रत्येक गाडीत याच पिंपातलं तेल.

"पाइपाची वाट," भिंगरी म्हणाली आणि पळाली.

खिंडीकडे जाणारा रस्ता डोंगराला आठ वळसे घालतो. पण खिंडीजवळच्या टाकीतून पाणी आणणारा जुना लोखंडी पाइप सरळ खाली उतरतो, आणि त्याच्या बाजूने दगडी पायऱ्या आहेत, कुठे शाबूत, कुठे ढासळलेल्या. भिंगरी पुढे, भुंगा मागे, शेपूट सगळ्यात शेवटी. मिस्त्रीही निघाले होते, पण शंभर पायऱ्यांत त्यांचा श्वास फुलला आणि ते मागे पडले.

मध्ये एकदा भुंगा थांबला. "सहाव्या वळणावर आहे," तो म्हणाला. "आता कण्हत नाहीये."

"मग?"

"दळतेय. जात्यात खडा यावा तशी."

भिंगरीने पुढचं ऐकलंच नाही. तिच्या कुशीत कळ येत होती, तळव्याला काहीतरी लागून रक्त येत होतं. तिच्या डोक्यात एकच चित्र होतं, कड्यालगतची ती अरुंद वाट आणि अचानक न फिरणारी चाकं. आपण काल आणखी जोरात का सांगितलं नाही? आईला खुर्चीतून ओढत का नेलं नाही?

ती खिंडीत पोचली तेव्हा तिथल्या सपाट माळावर कोणी नव्हतं. मग शेवटच्या वळणावरून आईची गाडी वर आली. माळाच्या दुसऱ्या टोकाला चुन्याने रंगवलेला दगड होता. तिथून उतार सुरू. भिंगरी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिली.

आईने तिला पाहिलं आणि वेग कमी केला. गाडी माणसाच्या चालीवर आली असेल नसेल, तोच आतून कडकन आवाज झाला. मागची दोन्ही चाकं जागच्या जागी थांबली. गाडी तशीच घसरत, आडवी होत, खडीत दोन काळे पट्टे ओढत गेली आणि चुन्याच्या दगडापासून चार पावलांवर थबकली.

धूळ खाली बसली. आई गाडीवरून उतरली. तिने गाडी न्यूट्रलला टाकून ढकलून पाहिली. मग भुंग्याने हात लावला, मागून धापा टाकत आलेल्या शेपटीने लावला. चाकं तसूभर हलली नाहीत.

आईने त्या दोन पट्ट्यांकडे पाहिलं, दगडापलीकडच्या दरीकडे पाहिलं, आणि ती मटकन खाली बसली. भिंगरीने तिच्या गळ्यात हात टाकले आणि ती हमसाहमशी रडली. एवढी मोठी मुलगी असं रडते का, असं तिला कोणी विचारलं नाही.

"पुरे," आई थोड्या वेळाने म्हणाली, स्वतःचे डोळे पुसत. "तिकडे एक बाई माझी वाट बघतेय. बॅग कोण घेतंय?"

बॅग भुंग्याने घेतली, पाण्याची बाटली शेपटीने. पाऊण तास उतार उतरून चौघं वस्तीवर पोचली, आणि तासाभराने आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. भुंग्याने लगेच सांगितलं की हा आवाज गाडीच्या कोणत्याही आवाजापेक्षा चांगला आहे.

चौथ्या दिवशी वर्कशॉपमध्ये सगळे जमले होते. टेबलावर आईच्या गाडीचं बेअरिंग ठेवलं होतं, तांबूस, गंजाने खाल्लेलं, एका बाजूला चिरडलेलं. साहेबांनी घसा साफ केला. पिंप बाहेर काढायचा हुकूम आपलाच होता आणि आत घ्यायचं आपणच विसरलो, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. मग म्हणाले, "आम्ही इतके जण रोज त्या पिंपाजवळून जात होतो. कोणी थांबून बघितलं नाही. या तिघांनी बघितलं, मोजलं, पडताळलं. या मुलांचे उपकार आम्ही विसरणार नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेपटीने मान तुकवून त्या एकटीनेच स्वीकारल्या.

मिस्त्री मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते पुढे आले, त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"सिस्टर, मी तुम्हाला चार लोकांसमोर बोललो, म्हणून हेही चार लोकांसमोरच सांगतो," ते म्हणाले. "तुमच्या गाडीत पाणी ओढ्याने घातलं नाही. मी घातलं. तीन वेळा, या हातांनी. आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, मी गाडी नीट करतोय." त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. "वायरमनला काल भेटून आलो. तो बिचारा अजून स्वतःलाच दोष देत होता."

आईने टेबलावरचं गंजलेलं बेअरिंग उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. मग तिने विचारलं, "बाळाचं वजन करायला जायचंय मला. गाडी कधी देता?"

"तयार आहे. नवं बेअरिंग, नवीन सीलबंद डब्यातलं तेल. पिंप गोदामात आडवं ठेवलंय, त्यातलं तेल आता कोणाला मिळणार नाही." मिस्त्री गाडीपाशी गेले, टोपणाला हात लावला आणि थांबले. मग त्यांनी तो हात काढून घेतला आणि भिंगरीकडे वळून म्हणाले, "तू बघ."

भिंगरीने टोपण फिरवलं. पट्टी उजेडात धरली. मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं तेल. तरी तिने पट्टी फडक्याला पुसली आणि पुन्हा बुडवली. पुन्हा पाहिलं.  साहेब, मिस्त्री, वनरक्षक, आई, सगळे गोल करून उभे होते. कोणी घाई केली नाही, आणि कोणी हसलं नाही.

"चालेल," ती म्हणाली.

तेव्हा कुठे आईने गाडी सुरू केली.